रत्नागिरीत दीड दिवस: काय पाहायचं, काय सोडायचं

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर नीट लागू पडेल. एप्रिलच्या शेवटी शनिवारी दुपारी तुम्ही रत्नागिरीत पोचताय आणि रविवारी रात्रीच्या गाडीने परत निघताय. सोबत ७२ वर्षांच्या सासूबाई, त्यांना गुडघ्यांचा त्रास, आणि ११ वर्षांची लेक. यादीत रत्नदुर्ग, थिबा राजवाडा, टिळकांचं जन्मस्थान, पतितपावन मंदिर, जयगड, पूर्णगड, कातळशिल्पं आणि गणपतीपुळे अशी आठ ठिकाणं आहेत. तुम्ही विचारलंय, "यातली सगळ्यात महत्त्वाची तीन-चार कोणती?"

मी इथलीच आहे आणि बरीच वर्षं बाहेरगावच्या पाहुण्यांना रत्नागिरी दाखवते. महत्त्वाच्या क्रमाने यादी द्यायला मला काहीच वेळ लागणार नाही, पण ती तुमच्या उपयोगाची नाही. एप्रिल-मेमध्ये रत्नागिरीत काय पाहून होतं हे ऊन ठरवतं. साडेदहा वाजले की जांभा दगड तापायला लागतो, हवेत दमटपणा असतो, घाम वाळत नाही. त्या वेळी सासूबाईंना घेऊन किल्ल्याच्या तटावर उभं राहिलात तर कितीही महत्त्वाचा किल्ला असो, दहा मिनिटांत सगळ्यांचं लक्ष सावलीकडे जाणार. तोच किल्ला संध्याकाळी साडेपाचला पाहिलात तर लेक खाली उतरायला तयार होणार नाही. म्हणून मी पाहुण्यांना ठिकाणं निवडायला लावतच नाही. दिवसाचे तीन तुकडे करते: सकाळी दहापर्यंत, दुपारी चारपर्यंत आणि त्यानंतर अंधार पडेपर्यंत. कुठलं ठिकाण कुठल्या तुकड्यात बसतं ते पाहते. जे कुठेच बसत नाही ते यावेळी राहिलं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. सासूबाईंना पायऱ्या अजिबात जमत नाहीत, की हळूहळू, कठड्याला धरून जमतात? यावर किल्ल्याचा कार्यक्रम ठरेल. तुमच्याकडे स्वतःची किंवा ठरवलेली गाडी आहे की रिक्षाने फिरणार? शहरातल्या ठिकाणांसाठी रिक्षा उत्तम, पण कातळशिल्पांना जायचं तर गाडी हवीच. आणि घरात इतिहासाची आवड फक्त तुम्हाला आहे की सगळ्यांना? प्रश्नाच्या सुरावरून तुम्हाला आहे आणि लेकीला लावायची आहे असं मी धरून चालते.

आता एकेक ठिकाण घेते. तुमच्या यादीच्या क्रमाने नाही, मला सांगावंसं वाटतं त्या क्रमाने.

थिबा राजवाडा सोडू नका. दीड दिवसाऐवजी दोन तासच असते तरी मी हेच सांगितलं असतं. इमारत देखणी आहे हे एक कारण झालं, पण खरं कारण त्यामागची गोष्ट, आणि ती ११ वर्षांच्या मुलीला पूर्ण कळेल अशी आहे. ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा थिबा. १८८५च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी त्याची राजधानी मंडाले घेतलं, राजाला राणी आणि मुलींसकट बोटीत बसवलं, आधी मद्रासला आणि मग १८८६च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीला आणलं. म्हणजे तुम्ही येताय त्याच महिन्यात, याच उन्हात. इथेच का आणलं, हे लेकीला विचारायला सांगा. तेव्हा रत्नागिरीला रेल्वे नव्हती. मागे सह्याद्री, पुढे समुद्र, आणि पावसाळ्यात बोटी बंद पडल्या की समुद्राची वाटही मिटली. पहारा फारसा कडक नसला तरी माणूस जाणार कुठे? कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू झाला तो १९९८ साली. तुम्ही ज्या गाडीने येणार आहात ती नव्हती म्हणून राजा इथे होता, हे मुलांना चटकन पटतं.

राजवाड्यात तो लगेच राहायला गेला नाही. पहिली वीसहून अधिक वर्षं डोंगरावरच्या इंग्रजी बंगल्यांत गेली. आज दिसतो तो राजवाडा १९१० साली तयार झाला, आणि राजा वारला १९१६च्या डिसेंबरात. म्हणजे एवढ्या मोठ्या वास्तूत त्याला जेमतेम सहा वर्षं मिळाली. राणी सुपयालत १९१९ साली रंगूनला परत गेली. थोरल्या राजकन्येचं आयुष्य मात्र रत्नागिरीशी जोडलं गेलं ते कायमचं. राजवाड्यावर कामाला असलेल्या गोपाळ सावंत यांच्यापासून तिला मुलगी झाली, टुटू, आणि ती इथेच वाढली, इथल्यांसारखीच मराठी बोलायची. मंडालेच्या राजाची नात रत्नागिरीकर झाली. पुस्तकात दोन ओळींत संपणारी ही गोष्ट त्या आवारात उभं राहून ऐकली की वेगळीच वाटते.

आत गेल्यावर घाई करू नका. तळमजल्यावर संग्रहालय आहे, तिथे बहुतेक लोक वेळ घालवतात. माझं सांगणं, आधी खिडक्या पाहा. अर्धवर्तुळाकार, वर लाकडी कोरीवकाम, आणि कोरीवकामाला नक्षीसारखी भोकं, त्यातून उजेड आत झिरपतो. इमारतीचा आराखडा इंग्रजी काळातला, उतरती छपरं कोकणातल्या पावसाला साजेशी, आणि हे लाकूडकाम ब्रह्मी वळणाचं. एकाच भिंतीत तीन ठिकाणं दिसतात. वरच्या मजल्यावर संगमरवरी फरशीचं दालन आहे. डागडुजी चालू असेल तर वर सोडत नाहीत, त्यामुळे तिकीट काढतानाच विचारा. वर जाता आलं तर खाडीकडच्या बाजूला थांबा. मंडालेतल्या महालातून निघालेला माणूस रोज काय बघत असेल ते तिथे कळतं: भाट्याची खाडी, तिच्या मुखाशी होड्या आणि पलीकडे रिकामा समुद्र.

राजवाडा सोमवारी बंद असतो. तुम्ही रविवारी जाणार म्हणून अडचण नाही, पण हे उत्तर पुढे आणखी कुणी वाचेल, त्यांनी लक्षात ठेवावं. सोमवारी दारात येऊन हिरमुसले होऊन परतणारे पाहुणे मी नेहमी पाहते. सासूबाईंसाठीही हीच जागा सगळ्यात सोयीची. गाडी आवारापर्यंत जाते, तळमजला त्यांना आरामात पाहता येतो, आत सावली आहे, समुद्राचा वारा आहे. दुपारच्या तुकड्यात बसणारं तुमच्या यादीतलं हे एकमेव मोठं ठिकाण.

राजाची समाधी शिवाजीनगर भागात आहे, राजवाड्यापासून फार लांब नाही. राजाची आणि त्याच्या दुसऱ्या, धाकट्या राणीची. तिथे पाहण्यासारखं फारसं नाही, दगडी बांधकाम आणि भोवती वस्ती. पण २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन भारत भेटीवर आले तेव्हा ते इथे येऊन गेले. ज्यांना राजवाड्यातली गोष्ट भिडते त्यांना मी आवर्जून तिथे नेते. ज्यांना नाही भिडली त्यांना नेत नाही. तुम्ही तिथल्या तिथे ठरवा.

याच गोष्टीचं दुसरं टोक टिळक आळीत आहे, आणि म्हणून टिळकांचं जन्मस्थान मी राजवाड्याला जोडूनच दाखवते. टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६चा, या घरातला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. टिळक दहा वर्षांचे असताना कुटुंब पुण्याला गेलं, म्हणजे लेकीच्या वयाच्या आसपास त्यांनी हे गाव सोडलं. आता हे बघा: १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पाठवलं मंडालेच्या तुरुंगात. गीतारहस्य त्यांनी तिथे लिहिलं. १९१४पर्यंत ते तिथे होते. त्या सहा वर्षांत रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेत कैदेत होता आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत. आदल्या रात्री लॉजवर फोनवरच नकाशा उघडून लेकीला ही दोन ठिकाणं दाखवा, मधला बंगालचा उपसागर दाखवा. मग सकाळी ते घर आणि दुपारी तो राजवाडा. मुलांना सनावळ्या लक्षात राहत नाहीत, पण ही अदलाबदल राहते. असं एकदा दाखवल्यावर मुलं स्वतःच "अजून कोणाला कुठे पाठवलं?" असं विचारायला लागतात, आणि मग बहादुरशाह जफरपर्यंत जाता येतं. दिल्लीचा बादशहा रंगूनला, ब्रह्मदेशाचा राजा रत्नागिरीला. राजाला त्याच्या लोकांपासून तोडायचं तर मध्ये समुद्र टाकायचा, ही इंग्रजांची रीतच होती.

घर म्हणाल तर साधं कोकणी घर. जांभ्याच्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर, ओटी, माजघर, आत गारवा. मोठं काही दिसेल या अपेक्षेने आलेले दहा मिनिटांत बाहेर पडतात. पण एप्रिलमध्ये रस्त्यावरून आत पाय टाकल्याबरोबर जो फरक जाणवतो, तोच त्या घराचा खरा धडा आहे. जाड भिंती, उंच छप्पर आणि कमी उघडी दारं असली की पंख्याशिवाय घर कसं राहतं, ते सासूबाई लेकीला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. या घराचं दुरुस्तीचं काम अधूनमधून निघतं, तेव्हा आदल्या दिवशी रिक्षावाल्याला किंवा लॉजवर विचारून घ्या की उघडं आहे ना.

पतितपावन मंदिर. हे पाहायला अर्धा तास पुरतो, पण ते समजून घेऊनच पाहावं, नाहीतर आणखी एक देऊळ झालं. सावरकरांना अंदमानातून १९२१ साली परत आणलं, काही काळ ते रत्नागिरीच्याच तुरुंगात होते. १९२४च्या जानेवारीत सुटका झाली ती अटींवर: रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचं नाही, राजकारणात भाग घ्यायचा नाही. १९३७पर्यंत हे चाललं. म्हणजे थिबा राजासाठी जे हेरलं होतं तेच गाव, त्याच कारणासाठी, पुन्हा वापरलं. राजकारणाला बंदी म्हटल्यावर त्यांनी अस्पृश्यता निवारणाचं काम हाती घेतलं, आणि त्यातून १९३१ साली हे मंदिर उभं राहिलं, सगळ्या जातींना गाभाऱ्यापर्यंत खुलं. आत लक्ष्मीनारायण आहेत. पैसा दिला भागोजीशेठ कीर यांनी. गरीब घरातून मुंबईला गेलेला आणि बांधकामाच्या धंद्यात मोठा झालेला हा रत्नागिरीचा माणूस. मंदिर म्हटलं की लोक सावरकरांचं नाव घेतात आणि भागोजीशेठांचं विसरतात. मला ते बरोबर वाटत नाही. त्या काळात देवळाच्या पायरीवरूनही परत पाठवलेली माणसं गाभाऱ्यात जातील अशी जागा बांधायची, तर ती बांधायला कोणाचीतरी तिजोरी उघडावी लागते, आणि समाजाचा रोष त्यालाही सोसावा लागतो. लेकीला दोन्ही नावं सांगा.

सावरकरांना ठेवलेली कोठडी रत्नागिरीच्या कारागृहात जपून ठेवली आहे. पण ते कारागृह आजही चालू आहे, त्यामुळे आत सोडणं न सोडणं, कुठल्या वेळी, फोन चालेल का, हे सगळं त्यांच्या नियमांवर. दीड दिवसात त्यावर भिस्त ठेवू नका. जवळून जात असाल तर फाटकावर विचारा, सोडलं तर जा.

आता रत्नदुर्ग. याला इथे भगवतीचा किल्लाच म्हणतात, रिक्षावाल्यालाही तसंच सांगा. समुद्रात घुसलेल्या टेकाडांवर घोड्याच्या नालेसारखा पसरलेला हा किल्ला आहे आणि तीन बाजूंनी पाणी. मुळात बहामनी काळातला, पुढे आदिलशाहीकडे. १६७० साली शिवाजी महाराजांनी घेतला, नंतर आंग्रे, मग पेशवे, आणि १८१८ला इंग्रज. लोक जातात ते बालेकिल्ल्यात, जिथे भगवतीचं देऊळ आहे. दीपगृह वेगळ्या टेकाडावर आहे. ते १८६७ सालचं आणि संध्याकाळी ठरावीक वेळेतच लोकांना वर सोडतात. सासूबाई बरोबर असताना बालेकिल्ला आणि दीपगृह दोन्ही एका संध्याकाळी करायचा आग्रह धरू नका, बालेकिल्ला पुरे.

हा किल्ला शनिवारी संध्याकाळी ठेवा. दुपारी पोचाल, जेवाल, चारपर्यंत पडून राहा, आणि साधारण सव्वापाचला वर असा. एप्रिलच्या शेवटी सूर्य सातच्या सुमारास मावळतो, तेव्हा दीड तास निवांत मिळतो. गाडी बरीच वरपर्यंत जाते, मग पायऱ्या आहेत. सासूबाईंना हळूहळू जमत असेल तर देवळापर्यंत येतील आणि भगवतीच्या सभामंडपात बसतील. तोवर तुम्ही आणि लेक तटावरून फेरी मारा. त्यांना पायऱ्या अजिबात नको असतील तर त्या आणि घरातलं एक माणूस मांडवीला जाऊन बसू दे. तिथे धक्का आहे, सपाट जागा आहे, संध्याकाळी गर्दी आणि भेळ दोन्ही असतं. वर आलेल्यांनी नंतर तिथेच भेटायचं. कुणालाही गाडीत बसवून ठेवू नका. ते मला फार खटकतं. वयस्कर माणसाची सहल पार्किंगमध्ये होते.

तटावर लेकीला एक गोष्ट जवळून दाखवा. भिंतीचा चिरा. जांभा खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो, हत्याराने सहज कापता येतो, आणि हवा लागली की घट्ट होत जातो. म्हणून कोकणात घर, विहीर, देऊळ, किल्ला सगळं याच दगडाचं. किल्ल्यावरच्या समुद्राकडच्या चिऱ्यांवर हात फिरवायला सांगा. खाऱ्या वाऱ्याने त्यांची भोकं मोठी होत गेली आहेत, काही चिरे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे दिसतात. मग देवळाच्या बाजूचे, वाऱ्याच्या आडोशाचे चिरे पाहायला सांगा. तोच दगड, पण किती वेगळा. हे कळायला तिला माझ्यासारखा कोणी वाटाड्या लागणार नाही, हात पुरेसा आहे. आणि तटावरून खाली मिरकरवाड्याचं बंदर दिसतं, ट्रॉलर उभे असतात. किल्ला इथे का बांधला हे त्या बंदराकडे पाहिलं की आपोआप कळतं. वाऱ्यापासून आडोसा असलेलं पाणी ज्याच्या ताब्यात, व्यापार त्याच्या ताब्यात.

तटाला सगळीकडे कठडा नाही. लेकीचा हात सोडू नका, आणि फोटोसाठी टोकावर जाऊ देऊ नका. टोपी आणि पाणी संध्याकाळीही घ्या.

कातळशिल्पांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे बहुतेक पाहुणे चुकीच्या वेळी जातात आणि मग "काही दिसलं नाही" म्हणून परत येतात. रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, हजारो वर्षांपूर्वी कोरलेली चित्रं आहेत: हत्ती, मासे, माणसं, आणि काही न उलगडणाऱ्या आकृती. २०२२ साली कोकणातल्या या स्थळांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. शहरापासून जायला उक्शी सोयीचं. तिथे हत्तीचं मोठं शिल्प आहे आणि गावकऱ्यांनी त्याभोवती गोल चिरेबंदी भिंत बांधून वरून पाहायची सोय केली आहे.

पण ही शिल्पं जमिनीत कोरलेली आहेत, उभी नाहीत. ऊन डोक्यावर असेल तेव्हा कोरलेल्या रेषेत सावली पडत नाही आणि समोर नुसता काळपट-तांबूस खडक दिसतो. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर उजेड तिरका येतो, प्रत्येक रेषेच्या एका कडेला सावली बसते, आणि हत्तीची सोंड, पाय, पाठ एकेक करून वर येतात. दुपारी एक वाजता आणि सकाळी साडेसातला पाहिलेलं शिल्प एकच आहे यावर विश्वास बसत नाही. शिवाय सड्यावर झाड नाही, दुपारी तिथे उभं राहणंच शक्य नाही. म्हणून तुम्हाला रविवारी पहाटे उठायची तयारी असेल, गाडी असेल, तर तुम्ही आणि लेक साडेसहाला निघा, सकाळच्या कोवळ्या उन्हात हत्ती पाहा आणि नाश्त्याला परत या. सासूबाईंना तेवढा वेळ झोपू दे. गाडी नसेल तर हे सरळ सोडा. दुपारी जायचा विचारही करू नका. शिल्पावर पाय ठेवायचा नाही, रेषा खडूने गिरवायच्या नाहीत, पाणी ओतायचं नाही. फोटो चांगला यावा म्हणून लोक हे करतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

राहिले जयगड, पूर्णगड आणि गणपतीपुळे. तिन्ही यावेळी सोडा असं माझं मत आहे, आणि ते वाईट आहेत म्हणून नाही. जयगड शास्त्री नदीच्या मुखावर, शहराच्या उत्तरेला. जाऊन-येऊन अर्ध्याहून जास्त दिवस जातो आणि किल्ला उघड्यावरचा. जयगड खरा जमतो तो पुढे जाणाऱ्यांना. किल्ला पाहायचा, जयगडहून फेरीबोटीत गाडी घालून तवसाळला उतरायचं आणि गुहागरकडे निघायचं. तसा प्रवास पुढे कधी आखलात तर तो किल्ला त्यात घ्या. पूर्णगडचंही तसंच, फक्त दिशा उलटी. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिरात जायचं, मग मुचकुंदी नदीच्या मुखावरचा छोटासा पूर्णगड, आणि तसंच पुढे कशेळीला कनकादित्याचं देऊळ आणि तिथलं हत्तीचं कातळशिल्प, जे कोकणातल्या सगळ्यात मोठ्या शिल्पांपैकी एक आहे. हा एक सबंध दिवसाचा सुंदर रस्ता आहे. त्यातला एक तुकडा तोडून रविवारच्या दुपारी कोंबला तर त्याची मजा जाते.

गणपतीपुळ्याचा प्रश्न इतिहासाचा नाही, श्रद्धेचा आहे, आणि तो तुमच्या सासूबाईंनी ठरवावा. त्यांची इच्छा असेल तर माझी वरची सगळी आखणी बाजूला ठेवा आणि रविवारी सकाळी सहाला आरे-वारेच्या किनाऱ्याच्या रस्त्याने निघा. गर्दीच्या आत दर्शन होईल. रविवार आणि सुट्टीचे दिवस, त्यामुळे नऊनंतर रांग वाढते. परतताना मालगुंडला केशवसुतांचं जन्मस्थान आणि स्मारक आहे, गणपतीपुळ्याला लागूनच. मराठी कविता वाचणाऱ्या घराने तिथे पंधरा मिनिटं तरी थांबावं. मग कातळशिल्पं गेली, पण साडेअकरापर्यंत शहरात परत येऊन राजवाडा होतो.

सगळं एकत्र करून, माझ्या मते तुमचा दीड दिवस असा: शनिवारी दुपारी विश्रांती, संध्याकाळी भगवतीचा किल्ला, अंधार पडल्यावर मांडवी. रविवारी पहाटे जमलं तर उक्शी, नऊच्या सुमाराला सगळे मिळून पतितपावन, तिथून टिळक आळी, आणि अकराच्या आत थिबा राजवाड्यात शिरायचं. तिथे दीड-दोन तास. मग जेवण आणि झोप. चारनंतर थिबा पॉइंटवर जा, राजवाड्याच्या बाजूलाच डोंगराच्या कडेला आहे. तिथून भाट्याची खाडी, पूल आणि पलीकडची किनारपट्टी दिसते, आणि बसायला जागा आहे. तिथून भाट्याच्या किनाऱ्यावर उतरलात तर लेकीला वाळूत खेळायला तासभर मिळेल, सासूबाईंना सुरूच्या सावलीत बसता येईल. पाण्यात आत जाऊ देऊ नका, खाडीच्या मुखाशी ओढ असते.

पावसाळ्यात येणाऱ्यांसाठी आखणी वेगळी. तेव्हा ऊन अडवत नाही, पण शेवाळ अडवतं. तटावर पाय घसरतो आणि सड्यावरच्या शिल्पांत पाणी साचतं. डिसेंबर-जानेवारीत हवा छान, पण शाळांच्या सहली येतात. राजवाड्यात एका वेळी दोन-दोन शाळा असल्या तर खिडकीपाशी निवांत उभं राहता येत नाही. तेव्हा उघडल्या उघडल्या जावं.

आंब्याचं विचारलं नाहीत, पण एप्रिल आहे म्हणून सांगते. हायवेवर उभं राहून पेटी घेऊ नका. लॉजवर किंवा रिक्षावाल्याला विचारा, प्रत्येकाच्या ओळखीत एखादा बागायतदार असतो. अढी उघडून फळ हातात घेऊन, वास घेऊन घ्या. गाडीत न्यायचा तर थोडा कडक घ्या, मुंबईत चार दिवसांनी तयार होईल.

आणि परतीच्या गाडीचं: रेल्वे स्टेशन शहरापासून पाच-सहा किलोमीटर लांब आहे, चढावर. रविवारी रात्री सुट्टीवरून परतणाऱ्यांची गर्दी असते आणि रिक्षा ऐन वेळी मिळत नाही. दिवसभर फिरवलेल्या रिक्षावाल्यालाच रात्रीची वेळ सांगून ठेवा, भाडं आधी ठरवा, आणि गाडीच्या निदान पाऊण तास आधी निघा, म्हणजे सासूबाईंना जिन्यावर धावपळ करावी लागणार नाही.